कारवानी पिल्लाचे जुलाब थांबतात आणि पुन्हा सुरू होतात : काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

पिल्लू घरी आलं, आठ-दहा दिवस छान खेळलं आणि मग शी पातळ झाली. दवाखान्यात इंजेक्शन झालं, गोळ्या मिळाल्या, तीन दिवसांत शी घट्ट. गोळ्या संपून आठवडा होत नाही तोच पुन्हा पातळ. मग दुसरी गोळी, पुन्हा थोडा आराम, पुन्हा तेच. कारवानी पहिल्यांदाच पाळणाऱ्यांकडून माझ्याकडे सगळ्यात जास्त येणारी तक्रार ही आहे. या चक्रात दोन-तीन महिने गेले की पिल्लाच्या वाढीचे महत्त्वाचे दिवस वाया जातात, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

कारवानी हे आपल्या दख्खनच्या पठारावरचं शिकारी कुत्रं. सोलापूर, सांगली, लातूर, धाराशिव या पट्ट्यात ते पिढ्यान्‌पिढ्या शेतावर आणि मेंढपाळांच्या वाड्यावर वाढलं. अंगावर, कानांवर, शेपटीवर लांब मऊ केस असले तर त्याला पश्मी म्हणतात. सीमेपलीकडे बागलकोट जिल्ह्यात मुधोळ आहे. तिथल्या घोरपडे संस्थानिकांनी या कुत्र्यांची जोपासना केली, म्हणून तिकडे ते मुधोळ हाउंड. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नोंदीत त्याचं नाव कारवान हाउंड आहे, आणि २००५ साली टपाल खात्याने मुधोळ हाउंडचं तिकीटही काढलं. सशामागे कुत्री सोडणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे. आता ही कुत्री राखणीला आणि घरातलं माणूस म्हणून पाळली जातात, आणि त्या भूमिकेत ती फार सुंदर वागतात. पण मोकळ्या माळावर वाढणारं पिल्लू बंद घरात आलं की त्याचं खाणं, जमीन, पाणी आणि झोप एकाच दिवसात बदलते. पोट बिघडायला तेवढं पुरतं.

माझं म्हणणं असं : जुलाब परत येत असतील तर औषध कमी पडलं असं लगेच समजू नका. बहुतेक वेळा जुलाबाचं कारण घरातच शिल्लक असतं. ताटात, अंगणात, पाण्यात किंवा घरातल्या दुसऱ्या कुत्र्याच्या पोटात. गोळी पोट तात्पुरतं शांत करते, कारण तिथेच राहतं. ते शोधेपर्यंत गोळ्या बदलत बसण्यात अर्थ नाही.

आधी हे बघा : थांबण्यासारखं आहे की आत्ताच निघायचं?

पुढचं काहीही वाचण्याआधी पिल्लाकडे बघा. उलट्या आणि जुलाब दोन्ही एकदम, शीमध्ये रक्त आणि सडका वास, पिल्लू खात नाही, कोपऱ्यात पडून राहतं, हिरड्या पांढऱ्या पडल्यात, अंग गार लागतंय किंवा ताप १०३ फॅरनहाइटच्या वर आहे, यातलं एक जरी असलं तरी सकाळची वाट बघू नका. लसी पूर्ण न झालेल्या पिल्लात पहिला संशय पार्व्होचा, म्हणजे आतड्यावर हल्ला करणाऱ्या जीवघेण्या विषाणूचा. डॉक्टरांकडे पार्व्होचं किट असतं, शीच्या नमुन्यावर काही मिनिटांत कळतं. पार्व्होचं पिल्लू सलाईन, उलटीचं औषध आणि नीट शुश्रूषा मिळाली तर वाचतं. उशीर झाला तर हातातून जातं.

कारवानीच्या बाबतीत ही घाई जास्तच करायला हवी, कारण या पिल्लांच्या अंगावर चरबी जवळपास नसते. लॅब्रॅडोरच्या गुबगुबीत पिल्लाकडे एखादा दिवस काढण्याइतका साठा असतो, कारवानीकडे तो नसतो. पाणी पटकन कमी होतं, रक्तातली साखर पटकन उतरते, अंग पटकन गार पडतं. म्हणूनच "जुलाब झाले की एक दिवस उपाशी ठेवा" हा जुना सल्ला लहान पिल्लाला लावू नका. मोठ्या कुत्र्याला तो एखादवेळ चालतो. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला हलकं अन्न थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा द्यायचं.

पाणी कमी झालंय का हे बघायला बरेच जण मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडतात. कारवानीची कातडी मुळात पातळ आणि घट्ट, त्यामुळे एकट्या या खुणेवर विसंबू नका. हिरडीवर बोट दाबा : पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवा. हिरडी ओली, गुळगुळीत लागली तर ठीक. बोटाला चिकटली तर पाणी कमी पडतंय. नेहमीची ओआरएसची पुडी सांगितल्याप्रमाणे पूर्ण पाण्यात कालवून दर अर्ध्या तासाला चमचाभर पाजली तर आधार होतो, पण उलटी होत असेल तर तोंडाने काही पाजू नका.

बारीक आहे म्हणून घाबरू नका

आता ज्या पिल्लाला जुलाब होतात पण ते खेळतं, खातं, शेपूट हलवतं, त्याच्याबद्दल. इथे पहिली गोष्ट औषधाची नसून नजरेची आहे.

कारवानीच्या बरगड्या दिसतात. तीन महिन्यांनंतर पाय लांब होतात, पोट आत जातं, पाठीचे शेवटचे मणके आणि कमरेची हाडं जाणवतात. हा त्या जातीचा बांधा आहे. पण घरी येणारा प्रत्येक पाहुणा म्हणतो, "खायला घालत नाही का याला?" मग आजी दूध वाढवते, काका मटणाची हाडं आणतात, मुलं बिस्किटं देतात. ताटात रोज नवा पदार्थ, तोही भरपूर. आतड्याला एवढं पचत नाही आणि शी पातळ होते. जुलाबामुळे पिल्लू आणखी उतरतं, म्हणून आणखी खायला घातलं जातं. परत येणाऱ्या जुलाबांचं मी पाहिलेलं सगळ्यात नेहमीचं कारण हे आहे, आणि कोणत्याही तपासणीत ते सापडत नाही.

बांध्याचं बारीकपण आणि आजाराचं बारीकपण वेगळं ओळखता येतं. निरोगी बारीक पिल्लाचे केस चकचकीत असतात, मांडीला भरीव स्नायू असतो, डोळे स्वच्छ, चाल उसळती. आजारी बारीक पिल्लाचे केस राठ आणि निस्तेज, मांडी रिकामी, आणि बरगड्या दिसत असूनही पोट मात्र नगाऱ्यासारखं फुगलेलं. असं पोट दिसलं तर आधी जंतांचा विचार करा. आणि वजन करा. घरच्या काट्यावर पिल्लाला उचलून उभं राहायचं, मग स्वतःचं वजन वजा करायचं. दर आठवड्याला त्याच दिवशी, वहीत लिहून. वजन आठवड्यागणिक वाढतंय तोवर पाहुण्यांचं ऐकू नका. दोन आठवडे वजन तिथेच थांबलं किंवा उतरलं, तर शी घट्ट असली तरी डॉक्टरांना दाखवा.

ताट साधं करा, आणि दोन आठवडे तसंच ठेवा

खाण्याचा दोष आहे की नाही हे कळायचा एकच मार्ग : ताटातली गर्दी संपवायची. उकडलेलं कोंबडीचं मऊ मांस, हाड आणि कातडी काढून, त्यात दुप्पट मऊ भात. मीठ अगदी नावाला, मसाला नाही, तेल नाही. चार-पाच दिवस एवढंच, दिवसातून चार वेळा, थोडं थोडं. सोबत चमचाभर शिजवलेला लाल भोपळा दिला तर आव पडणाऱ्या जुलाबात फायदा होतो. गोडसर ताजं दही चमचाभर चालतं. शी बांधली की मग पिल्लाचं कायमचं खाणं सुरू करायचं, पण सात ते दहा दिवस घेऊन : आधी पाव भाग नवं, मग अर्धं, मग पाऊण. दुकानाचं कोरडं खाणं असो की घरचं, नियम तोच. पिल्लू आणताना ते तिथे काय खात होतं हे विचारून चार-पाच दिवसांचं तेच सोबत आणलं, तर निम्मी डोकेदुखी सुरूच होत नाही. कोंबडी-भात हे मात्र आजारपणातलंच खाणं आहे, त्यावर महिनोन्‌महिने पिल्लू वाढवू नका. कॅल्शियम कमी पडून पाय वाकतात.

दुधाबद्दल वाद होतो, म्हणून सविस्तर. मेंढपाळांकडे ही पिल्लं ज्वारीची भाकरी आणि दूध यांवर वाढत आली, हे खरं आहे. पण त्या पिल्लांना दूध पहिल्यापासून, सलग आणि पाण्याने सैल केलेलं मिळायचं. आईचं दूध तुटल्यावर दुधातली साखर पचवण्याची ताकद बहुतेक पिल्लांत कमी होत जाते. रोज मिळत राहिलं तर काहींना थोडं पचतं, काहींना अजिबात नाही. म्हशीचं दाट दूध वाटीभर एकदम दिलं की दोन-तीन तासांत पिचकारी. तेव्हा ताट साधं करायच्या दिवसांत दूध पूर्ण बंद. नंतर हवंच असेल तर पाणी घालून दोन चमचे देऊन बघा, दोन दिवस शी बघा, मग ठरवा. दुधाशिवाय पिल्लू छान वाढतं. उकडलेलं अंडं, मांस आणि पिल्लांसाठी बनवलेलं चांगलं कोरडं खाणं यांतून त्याला हवं ते मिळतं.

काही गोष्टी ताटात कधीच नकोत. कांदा-लसूण घातलेला रस्सा रक्त बिघडवतो. शिजवलेलं हाड फुटून आतड्यात रुततं. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत. तासगाव, पंढरपूर, नाशिक या भागांत ज्यांच्या दारातच बाग किंवा बेदाण्याचं शेड आहे त्यांनी हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. कारवानी पिल्लू नाकासमोर पडलेलं काहीही क्षणात गिळतं.

आणि जेवण झाल्यावर लगेच पळवू नका. ही पिल्लं भरल्या पोटीही गोल गोल धावत सुटतात. जेवणानंतर तासभर शांत ठेवायची सवय लहानपणीच लावा. छाती खोल असलेल्या जातींना मोठेपणी पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो, तेव्हा ही सवय उपयोगी पडते.

साधं ताट दोन आठवडे काटेकोर पाळूनही शी पुन्हा पातळ झाली, तर पुढचा संशय जंतांवर.

जंत : एकदा औषध दिलं म्हणजे संपत नाहीत

"जंताचं औषध दिलंय" असं सगळे सांगतात. विचारायचं ते असं की किती वेळा, कोणतं, आणि त्या दिवशीच्या वजनावर दिलं का.

गोल जंत आईच्या पोटातच पिल्लात येतात. अंकुशकृमी (हुकवर्म) आईच्या दुधातून येतात, आणि ओल्या मातीतून थेट कातडीतूनही शिरतात. म्हणजे कितीही स्वच्छ घरातलं पिल्लू असो, जंत असणारच असं धरून चालायचं. औषध आतड्यातले मोठे जंत मारतं. अंगात फिरणाऱ्या अळ्या त्यातून सुटतात, दोन-तीन आठवड्यांत आतड्यात येऊन मोठ्या होतात, आणि जुलाब परत. म्हणून पिल्लू दोन आठवड्यांचं झाल्यापासून आईचं दूध तुटेपर्यंत दर १५ दिवसांनी, आणि मग सहा महिन्यांचं होईपर्यंत दर महिन्याला औषध देतात. प्रत्येक वेळी नव्याने वजन करून, कारण मागच्या महिन्याचा डोस या महिन्यात कमी पडतो.

तुमच्या वहीत जुलाब जंताच्या औषधानंतर दोन-तीन आठवड्यांनी परत येताना दिसले, तर हे चित्र जवळपास नक्की आहे. शी काळपट, डांबरासारखी असेल आणि हिरड्या फिकट असतील तर अंकुशकृमी रक्त पितायत, याला उशीर नको. लहान पिल्लू यात दगावू शकतं. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे दिसले तर ते फीतकृमी (टेपवर्म). ते पिसवांमधून येतात, त्यामुळे पिसवा घालवल्याशिवाय ते जात नाहीत. जुलाबाचं कारण मात्र ते क्वचितच असतात.

घरात दुसरं कुत्रं किंवा पिल्लाची आई असेल तर औषध सगळ्यांना एकाच दिवशी. एकाला दिलं आणि दुसऱ्याला राहिलं, तर अंगणात अंडी पडतच राहतात.

शेतावरच्या घरांत शेळ्या-मेंढ्यांच्या जंताची बाटली हाताशी असते, आणि त्यातलं दोन मिली पिल्लाला पाजलं जातं. हे कृपा करून थांबवा. अशा बाटलीत बहुधा अल्बेंडाझोल असतं, त्याने कुत्र्यांच्या अस्थिमज्जेवर परिणाम होऊ शकतो. जनावरांच्या आयव्हरमेक्टिन इंजेक्शनची ताकद इतकी जास्त असते की पिल्लासाठी थेंबाची चूकही महागात पडते. पिल्लांचं औषध वेगळं मिळतं, फार महागही नाही.

औषध संपताच परत येणारे जुलाब

गोळ्या चालू असताना शी चांगली, बंद केल्यावर पाच-सात दिवसांत पातळ, असं दोनदा झालं की जिआर्डियाचं नाव डॉक्टरांपुढे काढा. हा जंत नाही, डोळ्यांना न दिसणारा परोपजीवी आहे. शी फिकट, तेलकट, चिकट आणि कमालीची घाण वासाची होते. पिल्लू मात्र खेळत असतं, म्हणून कोणी गंभीरपणे घेत नाही. याचा भाऊबंद कॉक्सिडिया : त्यात शी पाण्यासारखी, कधी आव-रक्त, आणि ते तीन-चार महिन्यांच्या आतल्या पिल्लांना जास्त होतं. नेहमीच्या जंताच्या एका डोसाने या दोन्हींपैकी काहीच जात नाही, आणि दोघांची औषधंही वेगळी. इथे अंदाजाने गोळी देणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

म्हणून शीची तपासणी. मुंबईला परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, साताऱ्याकडे शिरवळ, मराठवाड्यात उदगीर आणि परभणी, विदर्भात नागपूर, या ठिकाणी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. शहरांत खासगी प्रयोगशाळाही आहेत. नमुना ताजा हवा. सकाळची शी स्वच्छ डबीत, सुपारीएवढी, माती न लागलेली, काही तासांत पोचवायची. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फात नको. आणि एका नमुन्यात काही सापडलं नाही म्हणजे काही नाही, असं नसतं. जिआर्डिया रोज शीतून बाहेर पडत नाही. एक दिवसाआड असे तीन नमुने दिले तर सापडण्याची शक्यता खूप वाढते. काही ठिकाणी जिआर्डियाचं वेगळं किटही असतं, ते विचारून बघा.

जिआर्डियासाठी आपल्याकडे वर्षानुवर्षं मेट्रोनिडाझोल दिलं जातं. त्याने जुलाब चटकन थांबतात, म्हणून ते सगळ्यांचं आवडतं. पण त्याचे कोर्सवर कोर्स दिल्याने आतड्यातले चांगले जिवाणूही मरतात आणि पोट आणखी नाजूक होतं. डॉक्टरांशी फेनबेंडाझोल या जंताच्या औषधाबद्दल बोला, ते तीन ते पाच दिवस सलग देतात. आणखी एक महत्त्वाचं : उपचारानंतर शी छान घट्ट असेल, वजन वाढत असेल आणि तरी किट पॉझिटिव्ह आलं, तर केवळ त्या रेषेसाठी पुन्हा औषध देण्याची सहसा गरज नसते. पिल्लू बघा, रेष नको.

जमीन

बहुतेक घरांत औषध नीट होतं आणि जमीन राहून जाते. जिआर्डियाच्या पुटिका (कवचात बंद असलेलं त्याचं रूप) आणि कॉक्सिडियाची अंडी शीतून पडतात, पिल्लू मागचं अंग चाटतं, जमीन हुंगतं आणि तीच परत पोटात घेतं. औषध संपलं की आठवड्यात पहिल्यासारखं.

शी पडल्या पडल्या उचला, संध्याकाळची वाट बघू नका. कॉक्सिडियाची अंडी पडल्यावर साधारण एका दिवसात संसर्ग करण्याच्या लायक होतात, म्हणजे त्याआधी शी उचलली तर कॉक्सिडियाचा धोका बराच टळतो. फरशी आधी साबणाने धुवायची, मग उकळतं पाणी ओतायचं आणि पूर्ण कोरडी करायची. कोरडेपणा आणि ऊन ही जिआर्डियावरची सगळ्यात स्वस्त औषधं आहेत. फिनेलचा वास येतो म्हणून फरशी निर्जंतुक झाली असं नसतं. फिनेलने ना जंतांची अंडी मरतात, ना पार्व्हो. पार्व्होसाठी घरगुती ब्लीच, एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी, धुतलेल्या फरशीवर दहा मिनिटं ठेवून मग पाण्याने पुसायचं. घाणीवर ओतलेलं ब्लीच वाया जातं. अंथरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात. औषधाच्या शेवटच्या दिवशी पिल्लाला, विशेषतः मागच्या अंगाला आणि शेपटीला, शांपूने अंघोळ घालून चांगलं कोरडं करा. पश्मी असेल तर मागच्या लांब केसांकडे जास्त लक्ष, तिथे शी चिकटून राहते.

मातीचं अंगण असेल तर ते उकळत्या पाण्याने धुता येत नाही. तिथे जागा बदलायची. पिल्लाला शी-शूसाठी उन्हातला, पाणी न साचणारा एक कोपरा ठरवून द्या आणि जुनी ओलसर जागा काही महिने बंद करा. नळाखालची चिखलाची जागा, गोठ्याचा ओला कडेचा भाग, झाडाखालची सावलीतली वाळू, इथे अंकुशकृमीच्या अळ्या मजेत जगतात. पावसाळ्यात तक्रारी वाढतात त्या याचमुळे. पाणी हौदातलं किंवा डबक्यातलं नको. घरातली माणसं पितात तेच, रोज घासलेल्या भांड्यात.

हे पिल्लापुरतंच नाही. गोल जंताची आणि अंकुशकृमीची अळी माणसालाही त्रास देते. लहान मुलं त्याच मातीत अनवाणी खेळतात, पिल्लाला कुशीत घेतात आणि हात न धुता खातात. मुलांना पिल्लापासून तोडायचं काहीच कारण नाही. चपला आणि साबण, एवढी शिस्त पुरते.

घाबरलेलं पोट

वरचं सगळं करून तपासण्या स्वच्छ आल्या, ताट साधं आहे, तरी अधूनमधून आव पडते, थोडी थोडी पण वारंवार शी, कुंथणं. तेव्हा पिल्लाचा दिवस बघा.

कारवानी बाहेरून ताठ दिसतं, आतून फार हळवं असतं. अनोळखी माणसाने अंगावर येऊन थोपटलेलं त्याला आवडत नाही, ओरडलेलं सहन होत नाही, एकटं कोंडलेलं तर मुळीच नाही. रात्री गच्चीत किंवा गॅलरीत बांधलेलं, दिवसभर घर रिकामं, संध्याकाळी मुलांचा गोंगाट, असं असेल तर मोठ्या आतड्याचे जुलाब होऊ शकतात. पहिले काही आठवडे त्याचं अंथरूण घरच्यांच्या खोलीत ठेवा. जेवणाच्या, बाहेर जाण्याच्या, झोपण्याच्या वेळा ठरलेल्या. पाहुणे आले तर पिल्लाला त्यांच्या हातात देऊ नका. पाहुण्यांनी खाली बसावं, पिल्लू स्वतः येईल. दिवाळीच्या फटाक्यांत आतल्या खोलीत, पंखा-टीव्ही चालू, जवळ घरचं कोणीतरी. लसी पूर्ण व्हायच्या आधी रस्त्यावरच्या मातीत सोडू नका, पण घरातही कोंडू नका : कडेवर घेऊन दाराशी, गल्लीत, बाजारात न्या, आवाज आणि माणसं बघू द्या. या वयात जे बघितलं नाही त्याची भीती मोठेपणी राहते.

लसींचा हिशोबही याच वेळी नीट करा. सहा ते आठ आठवड्यांना पहिली, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, आणि शेवटची १६ आठवड्यांच्या आसपास किंवा त्यानंतर. आईकडून आलेलं संरक्षण सुरुवातीच्या लसीला निष्प्रभ करू शकतं, म्हणून "दोन झाल्या, पुरे" असं म्हणू नका. रेबीजची तीन महिन्यांना. ऐन जुलाबात लस द्यायची नाही, पिल्लू बरं झालं की लगेच, पण विसरायची नाही. अनेक पिल्लांची लस जुलाबांच्या गडबडीत मागे पडते आणि मग पार्व्हो गाठतो.

घरच्या औषधांबद्दल

माणसांची जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी पिल्लाला देऊ नका. संसर्ग असताना आतडं थांबवलं की विष आतच राहतं. तापासाठी पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांतलं काहीही नको, यांनी कुत्री मरतात. गोचिडांसाठी जनावरांचं फवारणीचं औषध अंदाजाने पातळ करून पिल्लाच्या पातळ कातडीवर चोळू नका. गोचीड-तापात कधीकधी जुलाबही होतात, तेव्हा अंगावर गोचीड दिसली असेल तर ते डॉक्टरांना आठवणीने सांगा.

डॉक्टरांकडे जाताना वही न्या. कोणत्या तारखेला शी कशी होती, दिवसातून किती वेळा, काय खाल्लं होतं, कोणतं औषध किती दिवस दिलं, वजन किती. भरपूर पण दिवसातून दोन-तीनदाच होणारी पातळ शी आणि उतरणारं वजन लहान आतड्याकडे बोट दाखवतं. थोडी थोडी, दहा वेळा, आव आणि लाल रक्ताचे धागे मोठ्या आतड्याकडे. फोनमध्ये शीचा फोटो काढून ठेवा, डॉक्टरांना त्याचा खरंच उपयोग होतो. पुढे कधी नसबंदी किंवा शस्त्रक्रिया ठरली, तर हे नजरेने शिकार करणाऱ्या जातीचं कुत्रं आहे हे भुलीआधी मुद्दाम सांगा. या गटातल्या ग्रेहाउंडसारख्या कुत्र्यांना थायोपेंटोनच्या भुलीतून बाहेर यायला फार वेळ लागतो, आणि डॉक्टर दुसरं औषध निवडू शकतात.

जुलाबांनंतर पिल्लू सारखं कुंथतंय, उलट्या करतंय आणि पोटात हाताला लांबट गाठ लागते, तर एक आतडं दुसऱ्यात शिरलेलं असू शकतं. त्याच दिवशी सोनोग्राफी करा. पायमोजा, दोरी किंवा खेळण्याचा तुकडा गिळला असेल तरी तेच. आणि पिल्लू भरपूर खातंय, शी ढीगभर, फिकट, लोण्यासारखी आहे आणि वजन घटतच चाललंय, जंत नाहीत, जिआर्डिया नाही, तर स्वादुपिंडाची रक्ततपासणी सांगा. हा आजार क्वचित दिसतो, पण सापडला तर जेवणात पाचक पूड मिसळून त्यावर चांगला इलाज होतो.